गाळ कोणी काढायचा?

इंटरनेटची जोडणी घेताना आपण काय निवडतो? वेग, महिन्याचे रियाल, आणि मॉडेम बसवणारा माणूस सुट्टीच्या दिवशी येईल की नाही. मस्कतमधल्या बहुतेक मराठी घरांत हा निर्णय चहा संपेपर्यंत होतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्याची आठवणही येत नाही. पण त्याच सेवेच्या पोटात आणखी एक निवड झालेली असते, जी आपण केलेली नसते आणि जी झाली हेही आपल्याला ठाऊक नसतं. सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची, ही ती निवड. दोन-तीन माणसं एका खोलीत बसून ती करतात आणि हजारो घरं तिच्यावर विसंबून राहतात.

सेवादार कंपनी म्हटलं की डोळ्यांसमोर केबल येते, मनोरे येतात, रस्ता खणणारी माणसं येतात. पण खोलीच्या एका कोपऱ्यात काही साधी यंत्रं बसलेली असतात आणि सगळा संसार त्यांच्या जिवावर चालतो. एक यंत्र संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगतं, त्याला डीएनएस म्हणतात. दुसरं तुमचं खातं आणि पैसे भरले आहेत की नाही ते तपासून तुम्हाला आत सोडतं. तिसरं तुमच्या घरच्या मॉडेमला पत्ता वाटून देतं. चौथं नोंदी ठेवतं: कोणत्या क्षणी कोणता पत्ता कोणाकडे होता. यातलं पहिलं बंद पडलं, तर केबल शाबूत, राउटर शाबूत, आणि तरीही घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: "नेट गेलं." पुण्याला आईला लावलेला व्हिडिओ कॉल लागत नाही, पैसे पाठवायचं पान उघडत नाही, मुलांचा गृहपाठ अडकतो.

माझं संशोधन नेटवर्कच्या मोजमापांचं आहे. त्यामुळे कोणती सिस्टिम "चांगली" असा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला तांत्रिक उत्तर हवं असतं. ते मी इथे थोडक्यात उरकते, कारण ते फार लांब नाही. हॉटमेल आठवतं? साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ मध्ये ते सुरू केलं, तेव्हा त्याचे वेब सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालत. मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या अखेरीस ते विकत घेतलं आणि पुढे बऱ्याच खटपटीनंतर ते विंडोज २००० वर नेलं. पत्रं आधीही पोचत होती, नंतरही पोचली. नेटफ्लिक्स जगभरच्या सेवादारांच्या खोल्यांत आपल्या मालिका साठवून ठेवणाऱ्या पेट्या ठेवतं, त्या फ्रीबीएसडीवर चालतात. ज्युनिपर कंपनीच्या राउटरांची सिस्टिमही फ्रीबीएसडीतूनच वाढलेली आहे. बाकीचं जग बहुतांशी लिनक्सवर चालतं. नीट बसवलं, नीट राखलं, तर यातली कोणतीही सिस्टिम एका सेवादाराचं काम निभावते. आकड्यांनी निकाल लागत नाही, आणि तो लागत नाही म्हणूनच पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

तो प्रश्न माझ्यापुढे खऱ्या अर्थाने उभा राहिला तो एका मित्रामुळे. तो मूळचा इचलकरंजीचा, इथे एका लहान सेवादार कंपनीत सर्व्हर सांभाळतो. त्यांच्याकडे सगळं सेंटओएस ७ वर होतं. ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी कहाणी सांगते. रेड हॅट ही अमेरिकन कंपनी लिनक्सची एक पक्की, तपासलेली आवृत्ती तयार करते आणि आधारसेवेचे पैसे घेते. तिची मूळ संहिता उघडी असे. ती घेऊन, रेड हॅटचं नाव-चिन्ह काढून, काही स्वयंसेवक तीच सिस्टिम पुन्हा बांधून फुकट देत. हे २००४ पासूनचं सेंटओएस. पीठ तेच, पिशवी वेगळी. जगातल्या असंख्य विद्यापीठांनी, होस्टिंगवाल्यांनी आणि सेवादारांनी ते घेतलं. २०१४ मध्ये रेड हॅटने हा प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला, तेव्हा बहुतेकांना हायसं वाटलं. मग ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली: सेंटओएस ८, ज्याला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असं सगळे धरून चालले होते, ते ३१ डिसेंबर २०२१ ला थांबेल. सेंटओएस ७ ची मुदत मात्र आधी ठरल्याप्रमाणे राहिली, ३० जून २०२४.

लोक चिडले. "विश्वासघात" हा शब्द किती वेळा वापरला गेला असेल याची मोजदाद नाही. मला तेव्हाही तो शब्द खटकला होता आणि अजूनही खटकतो. विश्वासघात व्हायला आधी काही देवाणघेवाण झालेली असावी लागते. ज्या कंपनीला आपण एक बैसाही दिला नाही, जिच्या प्रकल्पात एक ओळही लिहिली नाही, तिने आपल्याला सांगितलेली तारीख बदलली. तारीख बदलणं वाईटच, ते मी नाकारत नाही. लोकांनी त्या तारखेवर विसंबून यंत्रं उभी केली होती. पण जी माणसं वर्षानुवर्षं फुकट पीठ नेत होती आणि चक्की कोण फिरवतं हे ज्यांनी कधी विचारलं नव्हतं, त्यांच्या तोंडी तो शब्द शोभत नव्हता.

तर मित्रापुढे तीन वाटा होत्या. रेड हॅटचा परवाना विकत घ्यावा. किंवा सेंटओएसच्या जागी आलेल्या नव्या पुनर्बांधण्यांपैकी एक घ्यावी: अल्मालिनक्स, किंवा रॉकी लिनक्स, ज्याचं नाव सेंटओएसच्या एका दिवंगत संस्थापकावरून ठेवलेलं आहे. किंवा अजिबात वेगळ्या घरी जावं, म्हणजे डेबियन. त्याच्या वरिष्ठांचा कल पहिल्या वाटेकडे होता आणि कारण एकाच वाक्यात होतं: "उद्या काही झालं तर बोट कोणाकडे दाखवायचं?"

या वाक्याला हसू नये. पैसे घेणाऱ्या कंपनीकडून खऱ्या गोष्टी मिळतात. रात्री दोन वाजता फोन उचलणारं कोणीतरी असतं, दुरुस्ती तपासून आलेली असते, दहा वर्षांचं वेळापत्रक लिहून दिलेलं असतं. हे सगळं मोलाचं आहे आणि त्याचे पैसे घेण्यात काही वावगं नाही. पण वरिष्ठांनी विचारलं ते हे नव्हतं. दुरुस्ती कोण करेल असं त्यांनी विचारलं नाही. बोट कोणाकडे दाखवायचं, असं विचारलं. या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या एकाच पावतीवर विकल्या जातात, म्हणून आपली गफलत होते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्यतनामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोलमडली. विमानतळांवर रांगा लागल्या, रुग्णालयांची कामं खोळंबली. त्या बहुतेक ठिकाणी पैसे भरलेले होते, करार झालेले होते. बोट दाखवायला जागा होती आणि ते दाखवलंही गेलं. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग झाला? सॉफ्टवेअरचे करार एकदा वाचून पाहा. फुकटच्या परवान्यात कोणतीही हमी नाही असं लिहिलेलं असतं, आणि विकतच्या करारातही नुकसानभरपाईला अशी मर्यादा घातलेली असते की ग्राहकांच्या हालांपर्यंत ती पोचतच नाही.

इथे मला दोन भाषांमधली एक गंमत सांगावीशी वाटते. आपला "जबाबदार" हा शब्द ज्या "जवाब"वरून आला तो मुळात अरबी. जो उत्तर देतो तो जबाबदार. इथल्या अरबीत मात्र जबाबदार माणसाला "मसऊल" म्हणतात, आणि तो शब्द "सुआल" म्हणजे आपल्या "सवाल"च्या कुळातला: ज्याला विचारलं जातं तो. एका भाषेने उत्तर देणारा पाहिला, दुसरीने प्रश्न विचारला जाणारा. आता सेवादाराचा ग्राहक प्रश्न कोणाला विचारतो? वादी कबीरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं नेट गेलं तर तो रेड हॅटला फोन करत नाही, डेबियनलाही करत नाही. तो ज्याला महिन्याचे पैसे देतो त्यालाच विचारणार. मसऊल कोण हे तिथेच ठरतं, आणि ते पद परवान्याबरोबर दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

मग फुकटचं घेऊन मोकळं व्हावं का? तेही इतकं सोपं नाही. २०२४ च्या वसंतात जे घडता घडता राहिलं, ते पाहिल्यावर तर नाहीच.

एक्सझेड नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. ते माहिती दाबून लहान करतं. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये ते असतं आणि जवळपास कोणालाच त्याचं नाव माहीत नसतं. लासे कॉलिन नावाचे फिनलंडमधले गृहस्थ ते अनेक वर्षं एकट्याने, फावल्या वेळात सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांवरून त्यांच्यामागे तगादा सुरू झाला: दुरुस्त्या हळू येतात, प्रकल्प मरतोय, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. त्यांनी सार्वजनिक उत्तरात सांगितलं की आपल्याला दीर्घकाळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे आणि हे बिनपगारी, छंदाचं काम आहे. त्याच काळात "जिया टॅन" या नावाने एक मदतनीस आला. गोड बोलला, काम केलं, हळूहळू अधिकार मिळवले, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसवला. त्यातून सर्व्हरवर दुरून शिरता आलं असतं. तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. काही वेगळीच मोजमापं घेताना सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला. २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं. तोवर ती आवृत्ती डेबियन आणि फेडोराच्या चाचणीच्या शाखांपर्यंत आली होती; डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचली नव्हती. (मोजमाप करणाऱ्या माणसांना मला त्या दिवशी मिठी मारावीशी वाटली होती, हे इथे नोंदवून ठेवते.)

या गोष्टीतून बहुतेकांनी "फुकटच्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवू नका" हा धडा घेतला. मला तो चुकीचा वाटतो, कारण पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या लिनक्समध्येही हेच एक्सझेड असतं. मला त्यात दिसला तो थकलेला माणूस, ज्याच्या खांद्यावर जगभरच्या सेवादारांनी, बँकांनी, सरकारांनी भार टाकला होता आणि ज्याला त्यातल्या कोणी एकदाही "जेवलास का" असं विचारलं नव्हतं. विचारायला आला तो चोर.

आता इथे एक आक्षेप येतो, आणि मी तो बराच काळ मनाशी घोळवला. लासे कॉलिन यांनी आपलं काम बिनशर्त दिलं होतं. डेबियन बिनशर्त देतं. १९९७ च्या त्यांच्या सामाजिक करारात ती सिस्टिम कायम मुक्त राहील असं वचन आहे, वापरणाऱ्याकडून काही मागणी नाही. बिनशर्त दानातून ऋण कसं निर्माण होईल? ज्याने "घ्या, काही देऊ नका" म्हटलं, त्याचं देणं लागतो असं म्हणणं म्हणजे त्याच्या दानाचाच अपमान नव्हे का?

आक्षेप बरोबर आहे. देणाऱ्याचं ऋण लागत नाही, असं मलाही वाटतं. कृतज्ञता असावी, पण कृतज्ञतेवर सेवादार कंपनी चालत नाही आणि ती सक्तीची करताही येत नाही. पण बंधन दुसऱ्या बाजूने येतं. मी माझ्या लॅपटॉपवर कोणती सिस्टिम घालते हा माझा प्रश्न. उद्या ती मोडली तर माझा निबंध उशिरा जाईल. सेवादार मात्र स्वतःचा भार टाकत नाही. तो हजारो घरांचा भार टाकतो, आणि त्या घरांनी हा खांदा निवडलेला नाही, त्यांना तो दाखवलेलाही नाही. ज्या क्षणी मी दुसऱ्यांचा भार त्यांना न विचारता कुठे ठेवते, त्या क्षणी ती जागा पक्की आहे ना हे पाहणं आणि ती पक्की राहील यासाठी हात लावणं माझ्याकडे येतं. तिथे देणाऱ्याने काही मागितलं की नाही याचा संबंधच उरत नाही. एक्सझेडच्या देखभालीचं देणं असेल तर ते ग्राहकांचं आहे, आणि ते फेडायचा रस्ता लासे कॉलिन यांच्या दारावरून जातो.

हा फरक इथल्या डोंगरांतल्या लोकांनी फार पूर्वी ओळखला होता, म्हणून थोडी वाट वाकडी करते. ओमानमध्ये पाणी वाहून आणणाऱ्या पाटांना फलज म्हणतात. असे सुमारे तीन हजार फलज अजून वाहते आहेत, आणि त्यांपैकी पाच २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. निझव्याचा फलज दारिस तुम्ही सहलीला गेला असाल तर पाहिला असेल. जबल अख्दरच्या पायथ्याशी बिरकत अल मौझला फलज अल खतमैन आहे, तिथे पाणी तीन सारख्या भागांत विभागलेलं दिसतं. आपण तिथे पाय सोडून बसतो, फोटो काढतो, आणि त्याचा हिशोब कसा चालतो हे विचारत नाही. पाणी जिथे पहिल्यांदा उघड्यावर येतं, ती जागा पिण्यासाठी. तिथे कोणीही यावं, हंडा भरावा. वाटसरू असो की गावकरी, त्याला कोणी हिस्सा विचारत नाही. पुढे मशीद, धुण्या-अंघोळीच्या जागा, आणि मग बागा. बागांपाशी मात्र हिशोब सुरू होतो. पाण्याचे हिस्से वेळेत मोजतात. साधारण अर्ध्या तासाचा एक "असर". दिवसा सावलीच्या काठीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून तो मोजत असत. फलजवर देखरेख करणाऱ्याला "वकील" म्हणतात आणि हिश्श्यांचा लिलाव पुकारणाऱ्याला "दलाल". आपल्याकडे बदनाम झालेले हे दोन्ही शब्द तिथे इमानदारीने नोकरी करताना पाहून बरं वाटतं. आणि मुख्य गोष्ट: काही हिस्से कोणाच्याच मालकीचे नसतात, ते खुद्द फलजचे असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून गाळ काढला जातो, पडलेली भिंत बांधली जाते.

खानदेशातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत शेकडो वर्षं चालली ती अशाच नेमांवर. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, आणि हंगामाआधी पाट साफ करायला लाभधारकांनी हातभार लावायचा. पाणी नदीचं, नदीला कोणी पैसे देत नाही, तरी पाटाचा खर्च असतो.

पिणाऱ्याला माफ आणि भिजवणाऱ्याला हिस्सा, हा भेद मला सॉफ्टवेअरच्या सगळ्या वादांत हरवलेला दिसतो. घरी लिनक्स वापरणारा विद्यार्थी म्हणजे हंडा भरणारा वाटसरू. त्याच्याकडे कोणी काही मागू नये. सेवादार कंपनी भिजवणारी. ती त्या पाण्यावर पीक काढते आणि बाजारात विकते. तिने वाटसरूच्या रांगेत उभं राहून "पाणी फुकट आहे की" म्हणणं, ही नैतिक चलाखी आहे.

अर्थात उपमा ताणू नये. फलजचं पाणी एकाने घेतलं की दुसऱ्याला कमी पडतं. सॉफ्टवेअर कितीही जणांनी घेतलं तरी आटत नाही. आटतं ते सांभाळणाऱ्यांचं लक्ष, त्यांची झोप, त्यांचा उत्साह. दुसरं, फलजच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि गाळ काढायला न येणाऱ्याचं नाव मशिदीबाहेर निघतं. डेबियन फुकट घेणाऱ्या सेवादाराचं नाव कुठेच निघत नाही. इथे लाज वाटायला साक्षीदारच नसतो.

असा विचार करू लागल्यावर निवडीची कसोटीही बदलते. कोणती सिस्टिम वेगवान, यापेक्षा कोणत्या सिस्टिमच्या गावात आपल्याला हिस्सेदार म्हणून शिरता येईल, हे पाहावंसं वाटतं. एका कंपनीच्या सिस्टिमचे तुम्ही ग्राहक होऊ शकता, चांगले ग्राहक होऊ शकता, पण तारीख बदलायची की नाही या बैठकीत तुम्हाला खुर्ची नसते. डेबियनचा प्रमुख दरवर्षी सभासदांच्या मतांनी निवडला जातो. २०२३ ची त्यांची जागतिक परिषद कोचीला झाली होती, मस्कतहून तीन-साडेतीन तासांच्या विमानप्रवासावर. त्यांच्या चित्ररूप इन्स्टॉलरमधल्या भाषांच्या यादीत मराठी आहे, म्हणजे आपल्यापैकी कोणीतरी बसून ते भाषांतर केलं आहे. फ्रीबीएसडीचंही साधारण असंच आहे, तिथेही कारभारी मंडळ निवडून दिलं जातं. आणि ओमानमध्ये हा विचार परका नाही; २०१३ मध्ये सुलतान काबूस विद्यापीठात मुक्त सॉफ्टवेअरवर परिषद भरली होती.

आणखी एक कारण भूगोलाचं. मुसंदमच्या टोकावरून समुद्र ओलांडला की इराण, आणि त्या किनाऱ्यावरच्या अभियंत्यांना अमेरिकी निर्यात नियमांमुळे परवाना विकत घ्यायची सोयच नाही. २०१९ मध्ये गिटहबनेही त्यांच्या खात्यांवर बंधनं आणली होती. ती उठायला २०२१ उजाडलं. ओमानवर असं काही नाही आणि येईल असं मी म्हणत नाही. पण पुन्हा बसवताना दूरच्या कोणाची परवानगी लागते का, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या छोट्या देशातल्या सेवादाराने विचारायलाच हवा. राजकारण सोडा, वादळं आहेत. जून २००७ मध्ये गोनू आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन ज्यांनी इथे पाहिलं, त्यांना वेगळं सांगायला नको. अशा रात्री बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल तुटलेली असू शकते, आणि तेव्हा आपल्याच खोलीत ठेवलेल्या डेबियनच्या पूर्ण प्रतीवरून सर्व्हर पुन्हा उभा करता येणं हे तत्त्वज्ञान राहत नाही.

मित्राशी या सगळ्यावर दोन-तीन शुक्रवार वाद झाले. त्याचा एक मुद्दा मला मान्य करावा लागला. "अगं, तुझं फलज वगैरे ठीक आहे," तो म्हणाला, "पण आम्ही चार माणसं आहोत. एक्सझेडसारखी हजारो पाकिटं आहेत. आम्ही काय काय वाचणार?" खरं आहे. पण फलजचा हिस्सेदार तरी अख्खा बोगदा कुठे खणतो? तो आपल्या वाट्याचा गाळ काढतो. चार माणसांच्या कंपनीचा वाटाही ठरवता येतो: ज्या डीएनएस आणि खातेतपासणीच्या सॉफ्टवेअरवर आपण उभे आहोत त्यांच्या नव्या आवृत्त्या बाहेर पडण्याआधी आपल्याकडे चालवून पाहणं, सापडलेल्या चुका नीट लिहून कळवणं, देशातल्या इतरांसाठी डाउनलोडची प्रत ठेवणं. यातलं काहीच पराक्रमाचं नाही. आणि दोन डीएनएस यंत्रांपैकी एक वेगळ्या सिस्टिमवर ठेवावं, हा सल्लाही मी दिला. इंटरनेटच्या मूळ नामसर्व्हरांपैकी के-रूटवर २००३ मध्ये मुद्दाम वेगळं, नव्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर चढवलं गेलं ते याचसाठी: सगळ्यांची चूक एकच नसावी. हा सल्ला त्याला पटला, पण दोन सिस्टिम शिकलेली माणसं आणायची कुठून, असं तो म्हणाला, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी डेबियन घेतलं. वरिष्ठ तयार झाले ते माझ्या तत्त्वज्ञानामुळे नव्हे, परवान्याचे पैसे वाचत होते म्हणून. हे मला ठाऊक आहे. पण मित्राने एक अट घातली होती: वाचलेल्या रकमेतला काही भाग बाजूला ठेवायचा आणि एका अभियंत्याचा पंधरवड्यातून एक दिवस, कंपनीच्या पगारावर, या वरच्या कामाला द्यायचा. त्यावर हिशोबनीसांनी विचारलं की हा खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा. परवाना नाही, आधारसेवा नाही. देणगी म्हणावी तर त्याला मालकांची वेगळी मंजुरी लागते, आणि बदल्यात काय मिळालं हे लिहावं लागतं. बरीच चर्चा झाली. शेवटी त्यांनी तो "कर्मचारी प्रशिक्षण" या खात्यात टाकला आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ते खातं कापायचं की नाही, यावर सध्या विचार चालू आहे.